आजोबांच्या सापत्न भावाचे आजोळ कसे शोधावे? (निधन १९१८, वय चार)

कृष्णाकाठ

आमच्या घराण्याची वंशावळ नव्याने लिहिण्याचे काम सध्या मी करते आहे. मूळ गाव वाई तालुक्यातले. जुन्या वंशावळीत पणजोबांच्या नावाखाली पहिल्या पत्नीचा एक मुलगा दाखवला आहे आणि त्याच्यापुढे कंसात ‘अल्पवयात निधन’ एवढेच लिहिले आहे. घरात सांगितले जाते ते असे, की १९१८ च्या तापाच्या साथीत, म्हणजे इन्फ्लुएन्झात, आई आणि मुलगा दोघेही गेले, त्यानंतर पणजोबांचे दुसरे लग्न झाले आणि १९२२ साली माझे आजोबा जन्मले.

पहिल्या पणजीचे सासरचे नाव आम्हांला ठाऊक आहे, कारण तिचा चांदीचा टाक अजून देवघरात आहे आणि अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालण्याची रीत माझ्या आजीने शेवटपर्यंत पाळली. माहेरचे नाव, आडनाव आणि गाव मात्र आज कोणालाही सांगता येत नाही. त्या मुलाचे वडिलांकडचे कूळ पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेले आहे आणि आईकडचे एकही नाव नाही, ही गोष्ट मला खटकते.

हाताशी असलेले कागद असे. एक, मुलाची जन्मपत्रिका. शके १८३६, श्रावण मास एवढे स्पष्ट वाचता येते. गावाचे नाव जिथे असावे तिथे कागद कसरीने खाल्ला आहे. तिथल्याच एका ओळीत ‘पलभा ४।१’ असे आहे, त्याचा अर्थ मला कळत नाही. दोन, मोडीतली आहेराची यादी, जी याच लग्नाची असावी असे घरातल्या मोठ्यांचे म्हणणे आहे. मला मोडी अडखळत वाचता येते. एका ठिकाणी ‘पाली’ असे लागते. तीन, तहसील कार्यालयातून मिळालेल्या आमच्या गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. त्यांत ऑक्टोबर १९१८ मध्ये पणजोबांच्या नावापुढे ‘बायको, ताप’ अशी मृत्यूची नोंद आहे. मुलाची नोंद मात्र जन्माचीही नाही आणि मृत्यूचीही नाही.

नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांचे मत असे पडले, की ज्याचा वंशच पुढे चालला नाही त्याचे आजोळ शोधून वंशावळीत काय भर पडणार. मला ते पटलेले नाही. येथे यादीचे छायाचित्र जोडत आहे; कुटुंबातली नावे मात्र झाकली आहेत. पुढे कोणत्या वाटेने जावे?

जुनेदप्तर

ताई, आपल्या गावी त्या मुलाच्या जन्माची नोंद नसावी, हे मला तरी अपेक्षितच वाटते. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, आणि त्या काळी तर हा नियम जवळपास मोडलाच जात नसे. तेव्हा जन्माची नोंद, झाली असेल तर, आजोळच्या गावच्या दप्तरात होणार. मृत्यूची नोंदही आपल्याकडे नाही, यावरून असे संभवते, की आई तापाने अंथरुणाला खिळल्यावर मुलाला आजोळी पाठवले गेले किंवा तो आधीपासूनच तिकडे होता, आणि तो तिथेच गेला. अर्थात, १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात साथीची दुसरी आणि अधिक घातक लाट होती, नोंदी ठेवणारे गावकामगार स्वतःच आजारी होते आणि अनेक मृत्यू लिहिलेच गेले नाहीत, हेही लक्षात ठेवावे लागते. एकट्या मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. खेड्यांत असे मोजणारे कोण होते? त्यामुळे मृत्यूच्या नोंदीवर फार भिस्त ठेवू नये, जन्माच्या नोंदीवर ठेवावी.

शोधण्याची पद्धत मात्र उलटी करावी लागेल. या जुन्या नोंदवह्यांत आईचे नाव सहसा नसते. ‘अमुक बिन तमुक यास मुलगा झाला’ एवढाच मजकूर असतो आणि मुलाचेही नाव बहुधा नसते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. आजोळच्या लोकांचे आडनाव आपल्याला माहीत नाही, पण वडिलांचे आडनाव माहीत आहे. लहान गावाच्या वहीत एकाच गावची ठरावीक आडनावे पुनःपुन्हा येतात आणि त्यांत परगावचे एखादे नाव, विशेषतः ‘राहणार’ म्हणून दुसरा तालुका दिलेला असेल तर, लगेच नजरेत भरते. शिवाय काही नोंदवह्यांत खबर देणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. मुलीच्या बाळंतपणाची खबर देणारा माणूस बहुतेक तिचा बाप किंवा भाऊ असतो. आपल्याला जे नाव हवे आहे ते त्या रकान्यात सापडण्याचा संभव सर्वांत जास्त आहे. कधी कधी नोंद थेट आजोबांच्याच नावावर, ‘मुलीस मुलगा’ अशीही केलेली असते.

श्रावण शके १८३६ म्हणजे जुलै १९१४ ची अखेर ते २१ ऑगस्ट १९१४. नोंद कधी कधी उशिराही होत असे, म्हणून सप्टेंबरअखेरपर्यंतची पाने पाहावीत.

एक व्यवहाराची सूचना. जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीला गाव नमुना १४ म्हणत, पण आजच्या गाव नमुन्यांत १४ क्रमांक पाणीपुरवठ्याच्या साधनांच्या नोंदीला दिलेला आहे. अर्जात नुसते ‘नमुना १४’ लिहिले तर समोरचा माणूस प्रामाणिकपणे भलतीच वही काढून ठेवतो. ‘सन १९१४ चे जन्म-मृत्यू नोंदणी पुस्तक’ असेच लिहावे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्ताने कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत ही दप्तरे उघडली गेली, अनेक पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली, आणि अभिलेख कक्षातल्या लोकांना ही पुस्तके कुठे आहेत ते आता बऱ्यापैकी ठाऊक झाले आहे. आपला शोध वेगळा असला तरी वही तीच आहे.

सह्यगिरी

हल्ली डीएनए चाचणीने नातलग सापडतात असे वाचतो. ती करून पाहिली तर हे सगळे कागद धुंडाळण्याचे श्रम वाचणार नाहीत का?

जुनेदप्तर

या प्रकरणात नाही. प्रश्नकर्त्या ताईंचे आजोबा दुसऱ्या पत्नीचे पुत्र आहेत. त्या मुलाशी त्यांचे नाते फक्त बापाकडून आहे, आणि बापाकडचे कूळ तर माहीतच आहे. पहिल्या पणजीचा रक्ताचा अंश या घरात कोणाकडेच नाही, कारण तिचे एकुलते एक मूल चौथ्या वर्षी गेले. चाचणी करणार कोणाची आणि ताडून पाहणार कोणाशी?

‘टायटॅनिक’च्या अनोळखी बालकाचे उदाहरण या बाबतीत नेहमी दिले जाते, म्हणून त्याविषयीही थोडे लिहितो. १९१२ साली बुडालेल्या त्या जहाजावरच्या एका लहान मुलाला कॅनडात हॅलिफॅक्स येथे निनावी पुरले होते. २००२ साली थडग्यातल्या अवशेषांवरून तो फिनलंडच्या पानुला कुटुंबातला तेरा महिन्यांचा मुलगा असल्याचे जाहीर झाले; पुढे जपून ठेवलेले त्याचे बूट त्या वयाच्या मानाने मोठे असल्याचे ध्यानात आले, पुन्हा तपासणी झाली आणि तो इंग्लंडमधला एकोणीस महिन्यांचा सिडनी गुडविन असल्याचे २००७ साली सांगण्यात आले. पण ज्यांच्याशी तुलना केली ते आईच्या बाजूचे नातलग आधी वंशावळीवरूनच शोधावे लागले होते. कागदांचे श्रम तिथेही वाचले नाहीत.

बोरूबहाद्दर

यादीचे छायाचित्र मोठे करून पाहिले. अक्षर वळणदार आहे, परंतु मोडीत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नसल्यामुळे गावाची आणि माणसांची नावे एकमेकांत मिसळली आहेत. आपण म्हणता ती जागा मलाही ‘पाली’ अशीच लागते. त्यापुढचे अक्षर पुसट आहे आणि मी त्यावर पैज लावणार नाही. अडचण अशी, की पाली नावाची गावे एकापेक्षा अधिक आहेत. सुधागडातली बल्लाळेश्वराची पाली सर्वांना माहीत आहे. रत्नागिरी तालुक्यातही एक पाली आहे. शिवाय कराड तालुक्यातले खंडोबाचे पाल आहे, जे आपल्या भागाला अधिक जवळचे, आणि ‘पालीचा खंडोबा’ असे बोलण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. म्हणून केवळ या एका शब्दावरून गाव ठरवू नये.

यादीची रचना मात्र उपयोगाची आहे. आधी मुलाकडील, नंतर मुलीकडील, असे तिचे दोन भाग आहेत. मुलीकडील भागात खण, लुगडे, उपरणे, रोख रुपये अशा बाबी असून त्यांच्यापुढे माणसे ‘नाना’, ‘तात्या’, ‘काशीची मावशी’ अशा हाकेच्या नावांनी लिहिली आहेत. आडनावे फार थोडी. व्याह्यांचे नाव तर घालण्याची गरजच लिहिणाऱ्याला वाटली नसावी, कारण ते त्या वेळी सगळ्यांना ठाऊक होते! तरी मुलीच्या मामाच्या नोंदीत एक आडनाव आहे असे दिसते. हे त्या मुलाच्या आईचे आजोळ झाले. मूळ कागद उन्हात न धरता खिडकीच्या तिरप्या उजेडात पुन्हा छायाचित्रित करावा. बोरूची शाई उडाली असली तरी दाबाची रेघ दिसते.

घटिकापात्र

पलभेविषयी लिहितो, कारण माझ्या मते आपल्या हातातला सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. सूर्य विषुववृत्तावर असतो त्या दिवशी, भर मध्यान्ही, बारा अंगुळे उंचीच्या शंकूची जेवढी सावली पडते तिला त्या गावाची पलभा म्हणतात. ती अक्षांशावर अवलंबून असते: अक्षांशाच्या स्पर्शज्येला (tan) बाराने गुणले की पलभा मिळते. जन्मलग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, काढण्यासाठी ज्योतिष्याला ती लागते, म्हणून जुन्या पत्रिकांत ती लिहिलेली असते. ४।१ म्हणजे ४ अंगुळे १ व्यंगुळ. ६० व्यंगुळांचे एक अंगुळ.

आता गणित करून पाहा. वाईची पलभा सुमारे ३।५३ येते. कराड तालुक्यातल्या पालची ३।४६ च्या आसपास, रत्नागिरी तालुक्यातल्या पालीची सुमारे ३।४० आणि सुधागडातल्या पालीची ४।१. यावरून पत्रिका वाईची पलभा धरून केलेली नाही हे नक्की, आणि तीन पालींपैकी सुधागडाची पाली नेमकी जुळते.

एवढ्यावर हुरळून जाऊ नये, असेही सांगतो. पुण्याचा अक्षांश जवळपास तोच असल्यामुळे पुण्याची पलभाही ४।१ येते, आणि अनेक ज्योतिषी जन्मगावाची पलभा न काढता पुण्याच्या पंचांगावरून काम भागवीत. तेव्हा ४।१ चा अर्थ ‘जन्म पालीचा’ असा किंवा ‘ज्योतिष्याने पुण्याची पलभा घेतली’ असा, दोन्ही प्रकारे लागू शकतो. घरातल्या त्याच काळच्या दुसऱ्या एखाद्या पत्रिकेत, उदाहरणार्थ आपल्या आजोबांच्या १९२२ च्या पत्रिकेत, कोणती पलभा आहे ते पाहावे. तिथे वाईची असेल आणि इथे ४।१ असेल, तर मुलाचा जन्म परगावी झाला या म्हणण्याला चांगलेच बळ मिळेल. पलभेच्या शेजारी चरखंडे, म्हणजे पलभेवरूनच काढलेले तीन आकडे, दिलेली असतील तर तीही तपासावीत, ४।१ ला ती ४०, ३२ आणि १३ यावीत. तशी आली तर आकडा आपण बरोबर वाचला आहे याची खात्री होईल.

नगरवाचक

सुधागडाची पाली धरून चालायचे असेल, तर एक गोष्ट कोणी लिहिलेली नाही. १९१४ साली सुधागड ब्रिटिश मुलखात नव्हते. तो पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा भाग होता. घाटावरचे भोर आणि घाटाखालचे सुधागड एकाच संस्थानात असल्यामुळे, आणि भोरचा मुलूख वाई तालुक्याला लागूनच असल्यामुळे, घाटाखालच्या मुलीचे लग्न वाईकडे होण्यात नवल काहीच नाही. मात्र दप्तर शोधताना हा भेद महत्त्वाचा आहे. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि सुधागड तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात गेले. संस्थानी काळातले कागद पालीच्या तहसील कार्यालयातच राहिले, अलिबागला गेले की पुण्याच्या पुरालेखागारात पोचले, हे प्रत्येक ठिकाणी विचारूनच ठरवावे लागेल.

दुसरा मार्ग कुलवृत्तांतांचा, म्हणजे घराण्यांच्या छापील इतिहासांचा. आपण आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत पाहिला असेलच, पण त्यात सुनांची माहेरे अनेकदा गाळलेली असतात. पाहायला हवेत ते दुसऱ्यांचे. बऱ्याच कुलवृत्तांतांत लेकींची सासरची नावे आणि सासरचे गाव देण्याची पद्धत असते. पालीशी संबंध असलेल्या घराण्यांचे कुलवृत्तांत काढून त्यांत लेकींच्या नोंदींखाली आपले आडनाव आणि वाई हे दोन शब्द शोधावेत. ‘एक पुत्र, उभयता १९१८ च्या साथीत वारली’ अशी ओळ तिथे असणे अगदी शक्य आहे, कारण सासरचे लोक दुसऱ्या लग्नानंतर जे विसरतात ते माहेरचे लोक विसरत नाहीत. पुण्यात पुणे नगर वाचन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय, या तिन्ही ठिकाणी चौकशी करावी.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा असे कोणी सुचवीलच. मी त्याबाबत फारसा आशावादी नाही. तिथल्या नामावळीत यजमान आल्या दिवशी हयात असलेले भाऊ, मुलगे आणि वरच्या पिढ्या लिहिल्या जातात. मुंज होण्यापूर्वी गेलेल्या मुलाचे नेहमीसारखे श्राद्ध होत नाही, त्यामुळे पुढच्या खेपेस बापाने त्याचे नाव सांगण्याचे कारण राहत नाही; आणि लेकींची नावे बहुधा नसतातच.

घटिकापात्र

शेवटच्या मुद्द्यावर माझे थोडे वेगळे मत आहे. १९१८ नंतर पणजोबा पत्नीच्या अस्थी घेऊन नाशिकला गेले असतील तर तीर्थश्राद्धात सासऱ्यांचाही उच्चार होतो. तो वहीत उतरलाच असेल असे नाही, परंतु आपल्या उपाध्यांकडे विचारायला खर्च काय येणार? आडनाव आणि गाव सांगितले की ते वही काढून देतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आजोबांची पत्रिका काढून पाहिली. तिच्यात पलभा ३।५३ आहे आणि ती वाईतल्याच ज्योतिष्याने केलेली आहे. मुलाच्या पत्रिकेवर पलभेपुढे जे तीन आकडे मी तारखेचे समजून सोडून दिले होते, ते ४०, ३२ आणि १३ असेच आहेत. तिचे अक्षरही वेगळे आहे, म्हणजे ज्योतिषी दुसराच असला पाहिजे.

अविधवा नवमीविषयी आत्याला पुन्हा विचारले तेव्हा तिने आजीचे एक बोलणे सांगितले, की पूर्वी ‘घाटाखालून’ कोणीतरी म्हातारे गृहस्थ एक-दोनदा त्या दिवशी जेवायला येत आणि माझ्या आजोबांना, म्हणजे सवतीच्या मुलाला, खाऊला पैसे देऊन जात. ते पहिल्या पणजीचे वडील की भाऊ, हे आजीला ठाऊक नव्हते. मामाच्या नोंदीतले आडनाव नव्या छायाचित्रात बरेच स्पष्ट आले आहे. ते बोरूबहाद्दर यांना वेगळे पाठवते. पालीला अर्ज करायचा आहे. तो कसा लिहावा, आणि नोंद मिळाली तरी वंशावळीत हे किती ठामपणे लिहावे, एवढे दोन प्रश्न उरतात.

जुनेदप्तर

अर्ज तहसीलदारांच्या नावे, अभिलेख कक्षातील नकलेसाठी करावा. त्यात मौजे पाली आणि लगतची गावे, सन १९१४ चे जन्म नोंदणी पुस्तक (जुलै ते सप्टेंबर) आणि सन १९१८ चे मृत्यू नोंदणी पुस्तक (सप्टेंबर ते डिसेंबर) असा स्पष्ट उल्लेख असावा. पुस्तक भोर संस्थानच्या काळातले असल्याचेही लिहावे, म्हणजे ते ब्रिटिश अमलाखालच्या गावांच्या गठ्ठ्यांत शोधत बसणार नाहीत. लगतची गावे मुद्दाम लिहायची, कारण वाईच्या माणसाला पाली हे नाव माहीत असते आणि शेजारची वाडी माहीत नसते. यादी लिहिणाऱ्याने मोठ्या गावाचेच नाव घातलेले असू शकते. शक्य असेल तर नकलेऐवजी आधी दप्तर पाहण्याची परवानगी मागावी. नक्कल मिळते ती त्यांनी शोधलेल्या नावाची, आणि आपल्याला तर नावच माहीत नाही.

वंशावळीत लिहिताना जे कागदावर आहे ते आणि जे अनुमानाने ठरवले ते एकाच ओळीत मिसळू नये. आजच्या घडीला आपण एवढेच लिहू शकता: ‘जन्म श्रावण शके १८३६, पत्रिकेतील पलभेवरून बहुधा आजोळी, मातुल घराणे सुधागड प्रांतातील असावे’. जन्माची नोंद आणि खबर देणाऱ्याचे नाव मिळाले, आणि त्या घराण्याच्या कुलवृत्तांतात लेकीच्या नावापुढे आपले आडनाव दिसले, तर ‘असावे’ काढून टाकावे. दोन्हींपैकी एकच मिळाले तर राहू द्यावे. आणि त्या मुलाला पत्रिकेत जे नाव आहे ते नाव द्यावे. जुन्या वंशावळीत ते नसेल, तर ही दुरुस्ती पालीच्या उत्तराची वाट न पाहता आजच करता येईल.